स्टोव्हची पिन आणि गाडीचं जेट

बाईला गाडी चालवता येणं आणि गाडी बाईची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याकडे बऱ्यापैकी घडली. दुसरी घडलेली नाही. ती का घडली नाही, याचं एक मुठीएवढं उत्तर प्रत्येक जुन्या मोटरसायकलच्या पोटात, इंजिनाच्या मागे बसलेलं असतं. त्याचं नाव कार्बोरेटर.

स्त्रियांच्या अंकात कार्बोरेटर कशाला, असं काहीजणींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव, ग्रामपंचायतीतली खुर्ची, हे आपले विषय. ते आहेतच. पण मी रत्नागिरी तालुक्यातल्या ज्या वाड्यांमधून काम करते, तिथल्या बाईला यातल्या कुठल्याही विषयापर्यंत पोचायचं तर आधी घरातून निघावं लागतं. तक्रार द्यायची तर पोलीस ठाणं गाठावं लागतं. सातबारा हवा तर तलाठ्याकडे जावं लागतं. पोटगीची तारीख असेल तर कोर्टात अकराच्या आत हजर राहावं लागतं. आणि निघायच्या वेळी दहा किका मारून गाडी सुरू झाली नाही, तर बाई पदर खोचून पुन्हा चुलीपाशी जाते. कायदा पुस्तकात राहतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आता हा प्रश्न आजच का काढायचा, ते सांगते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. गाडीच्या धुरातलं विष एवढं खाली आणायचं तर कार्बोरेटरने भागेना. त्यामुळे पेट्रोलच्या नव्या दुचाकी जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांत पेट्रोल किती सोडायचं हे एक लहानसा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे आज रस्त्यावर कार्बोरेटरची जी गाडी दिसते, ती जुनी गाडी आहे. आणि आपल्या घरांतून जुनी वस्तू कोणाच्या वाट्याला येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिळी भाकरी, विरलेली चादर, तडा गेलेला आरसा. तशीच जुनी गाडी. मुलगा नोकरीला लागला की त्याला नवी गाडी येते आणि वीस वर्षं जुनी हिरो होंडा किंवा एम-एटी सुनेला, बहिणीला, आईला मिळते. ‘घे, तुला अंगणवाडीत जायला होईल.’ गाडी मिळते, पण तिची किल्ली सोडून बाकी काही मिळत नाही. पाने मिळत नाहीत, पेचकस मिळत नाही, आणि तो कसा वापरायचा हे तर कोणी सांगतच नाही. कार्बोरेटर जसजसा जुना होतोय तसतसा तो बायकांचा होतोय. त्याच्याबद्दलचं ज्ञान मात्र पुरुषांकडेच राहिलंय.

त्यात आपलं कोकण. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. हा काही आपल्याकडे मुलींचे लाड होतात म्हणून आलेला आकडा नाही. पुरुष मुंबईला. पिढ्यान् पिढ्या पुरुष मुंबईला गेले आणि घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं बायकांनी सांभाळली. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे खायला येतो. त्याची मोटरसायकल मधल्या काळात पडवीत प्लॅस्टिकखाली उभी असते. टाकीत पेट्रोल तसंच, कार्बोरेटरच्या वाटीतही तसंच. बाहेर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि किनाऱ्याच्या गावांत हवाही खारी. गणपतीला मालक येतात, किक मारतात, गाडी ढिम्म. मग भाद्रपदात प्रत्येक वाडीत एक दृश्य ठरलेलं. खळ्यात चार पुरुष उकिडवे बसलेले, मध्ये उघडा कार्बोरेटर, आणि घरातली बाई चहाचा ट्रे घेऊन उभी. त्या वर्तुळात ती कधी बसत नाही. आणि दीड दिवसाचा असो की अनंत चतुर्दशीचा, गणपती गेला की पुरुष परत जातात आणि गाडी पुन्हा उभी राहते.

आत नेमकं काय होतं ते समजून घेऊ, कारण ते समजायला काहीही कठीण नाही. कार्बोरेटरच्या तळाशी एक वाटी असते. तिला फ्लोट चेंबर म्हणतात. तिच्यात पेट्रोल साठतं. संडासाच्या टाकीत जसा तरंगता गोळा पाणी भरलं की नळ बंद करतो, तसाच इथे एक फ्लोट पेट्रोल भरलं की सुई वर दाबून वाट बंद करतो. या वाटीत दोन पितळी तुकडे बुडलेले असतात, मेन जेट आणि पायलट जेट. जेट म्हणजे भोक पाडलेला स्क्रू. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, आणि तिच्या ओढीने जेटच्या भोकातून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळतं. गाडी पळते ती मुख्यतः मेन जेटवर. सुरू होते आणि उभ्या जागी चालू राहते ती पायलट जेटवर. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं.

आता गाडी दोन-चार महिने उभी राहिली की वाटीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो. जड भाग राहतो, त्याच्यावर हवेची क्रिया होते आणि तो राळेसारखा घट्ट होतो. आधी पिवळा, मग तपकिरी. तळणीच्या कढईला बाहेरून जो चिकट थर बसतो, शेगडीमागच्या भिंतीवर जो बसतो, तोच प्रकार समजा. त्या थराने पायलट जेटचं भोक बुजतं. मग गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही आणि चोक सोडला की बंद पडते. यात आणखी एक भर पडली आहे. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा जास्त झाला की ते पाणी घेऊन तळाशी वेगळं बसतं. मग वाटीत पांढरी पूड दिसते, पितळेवर हिरवट डाग येतात, जुनी रबरं फुगतात. पावसाळी हवेत उभ्या असलेल्या जुन्या गाडीला याचा त्रास जास्त. म्हणजे मळ दोन प्रकारचा, एक राळेचा आणि एक क्षाराचा. हे लक्षात ठेवा, कारण दोन्ही एकाच औषधाने जात नाहीत.

हे सगळं मला गॅरेजमध्ये कोणी सांगितलं नाही. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली शंभर सीसीची मोटरसायकल आहे, घरात जुनी झाली म्हणून माझ्याकडे आलेली. एका पावसाळ्यानंतर ती चोकवरच चालायला लागली. गॅरेजवाल्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘ताई, कार्बोरेटर गेला. नवीन टाकावा लागेल. साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावतो.’ साहेब कोण, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे बसून मी तो कार्बोरेटर स्वतः उघडला. पायलट जेट बुजलं होतं, बाकी सगळं शाबूत. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि पंक्चरवाल्याकडची हवा एवढ्यात काम झालं. तो कार्बोरेटर आजही त्याच गाडीवर आहे.

एका माणसाने फसवलं, एवढाच मुद्दा असता तर मी लेख लिहिला नसता. फसवतात ते पुरुष गिऱ्हाइकालाही. पण पुरुष गिऱ्हाईक उकिडवं बसून पाहू शकतं. ‘जेट काढून दाखव’ म्हणू शकतं. बाईने तसं म्हटलं की गॅरेजमध्ये हशा होतो. गॅरेजच्या बाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची असते, ती बाईसाठी. ‘बसा ताई, उन्हात कशाला.’ हा आदर नाही. तुला दिसू नये अशा ठिकाणी तुला बसवण्याची ती रीत आहे. आपल्या आज्या अशाच माजघरात बसवल्या गेल्या होत्या.

आता मुख्य प्रश्न. ‘हे बाईचं काम नाही’ हे वाक्य कशावर उभं आहे? त्याच्या तीन तंगड्या आहेत. बाईला यंत्रातलं कळत नाही, बाईचे हात नाजूक, आणि बाईला हे शोभत नाही. एकेक पाहू.

यंत्रातलं कळत नाही. मैत्रिणींनो, आपल्यापैकी ज्यांनी चाळिशी-पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी पंपाचा स्टोव्ह आठवावा. टाकीत रॉकेल, पंपाने दाब, तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ, ती वाफ निपलच्या सुईएवढ्या भोकातून बाहेर, हवेत मिसळून निळी ज्योत. निपल कोंडलं की पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक तार, म्हणजे पिन, घेऊन ते मोकळं करायचं. भोक झिजून मोठं झालं की ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात, तेव्हा निपल बदलायचं. हे सगळं कोण करत होतं? घराघरांत सात-आठ वर्षांच्या मुलीसुद्धा स्टोव्हला पिन मारत होत्या. आता गाडीचं जेट पाहा. तेच पितळ, तसंच भोक, इंधन आणि हवा मिसळण्याचं तेच काम. भोक झिजून मोठं झालं की गाडी पेट्रोल जास्त पिते आणि प्लग काळा पडतो. स्टोव्हला दाब पंपाने द्यायचा आणि गाडीत ओढ इंजिनाची, एवढाच काय तो फरक. म्हणजे अर्धशतक आपण रोज जेट साफ करत होतो. फक्त त्याला कोणी मेकॅनिकी म्हटलं नाही, कारण त्या जेटवर घरच्यांचा चहा व्हायचा. ज्या जेटवर बसून घराबाहेर जाता येतं, ते मात्र आपल्याला कळत नाही!

आणि हाच तो स्टोव्ह, हे विसरू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुना जळत होत्या आणि पंचनाम्यात ‘स्टोव्हचा भडका’ लिहिलं जात होतं. त्या मृत्यूंवर मोर्चे निघाले, १९८३ साली कलम ४९८-अ आलं. २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे. त्या पंचनाम्यांत बाईचं यंत्रज्ञान दोन्हीकडून वापरलं गेलं. ती जिवंत असताना रोज स्टोव्ह पेटवते म्हणून त्यात विशेष काही नाही. ती मेली की तिला स्टोव्ह नीट हाताळता येत नव्हता. आपल्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे नेहमी दुसऱ्याच्या सोयीने ठरत आलं आहे. कार्बोरेटरच्या बाबतीत वेगळं काही चाललेलं नाही.

हात नाजूक, हात काळे होतील. ज्याला असं वाटतं त्याने आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही काजू कारखान्यात जावं. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बिया फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, सोलपटतात, जेवताना घास धरवत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे बर्फ आणि मासळी उपसणाऱ्या हातांकडे पाहावं. लावणीच्या चिखलात महिनाभर कुजलेली पायाची बोटं पाहावीत. शेण, राख, गोठा, म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं. तिथे कोणी म्हणत नाही की बाईचे हात खराब होतील. जिथे काम हलक्या मजुरीचं किंवा फुकटचं आहे तिथे बाईचे हात राकट चालतात. जिथे तासाभराच्या कामाचे रोख पैसे मिळतात आणि लोक ‘मिस्त्री’ म्हणून मान देतात, तिथे ते एकदम नाजूक होतात. रॉकेलने धुतलेला ग्रीसचा हात संध्याकाळपर्यंत स्वच्छ होतो. काजूचा होत नाही.

शोभत नाही. यावर एकच उदाहरण देते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं निम्मं चाक झाकेल अशी जाळी हवी, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. त्या जाळीला आपण सगळे साडीगार्ड म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण नावातच सगळं आलं. मोटरसायकलवर बाई असते ती मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिच्या पदराची काळजी कायद्याने घेतली. तिच्या हातात पाना देण्याचा विचार मात्र कुठेच झाला नाही. शोभणं म्हणजे मागे बसणं.

हे तिन्ही आक्षेप बाहेरचे झाले. आपल्या आतलाही एक आक्षेप आहे आणि तो मला जास्त लागतो. आमच्याच एका बैठकीत मी शिबिरात कार्बोरेटरचं सत्र ठेवू या म्हटलं, तेव्हा एक जाणती कार्यकर्ती म्हणाली, ‘अगं, आपण व्यवस्था बदलायला निघालो आहोत, गाड्या दुरुस्त करायला नाही.’ मला तिचं म्हणणं समजतं. चळवळ दुरुस्तीच्या कामात विरून जाईल अशी तिला भीती आहे. पण व्यवस्था म्हणजे तरी काय? कोणी कुठे बसायचं, कोणाच्या हातात कोणतं हत्यार द्यायचं, कोणी कोणाची वाट पाहायची, याचीच तर व्यवस्था असते. ती भाषणाने जितकी हलते तितकीच हाताने हलते.

बांदा जिल्हा आठवा. उत्तर प्रदेशातला दुष्काळी, सरंजामी मुलूख. तिथे महिला समाख्या कार्यक्रमात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या बायका, बहुतेक दलित आणि आदिवासी, हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाण्यासाठी मैलोन् मैल चालायच्या त्या, आणि बिघडलेल्या पंपाजवळ सरकारी मेकॅनिकची वाट पाहणाऱ्याही त्याच. त्यांच्यावरही हसले. बायकांनी हात लावला तर पंप बाटेल इथपर्यंत बोललं गेलं. त्यांनी जड पाने उचलले, जमिनीतून पाइप वर ओढून काढले, वॉशर बदलले. आणि गंमत अशी की त्यातल्या अनेकींना वाचता येत नव्हतं. दुरुस्तीच्या नोंदी ठेवायच्या तर अक्षर हवं, म्हणून लिहिता-वाचता येण्याची मागणी त्यांनी स्वतःहून केली. आधी पाना, मग पाटी. कोणाला ही ‘दुरुस्ती’ वाटत असेल तर वाटो. मला ती व्यवस्था हललेली दिसते.

आपल्याकडचं एक ताजं उदाहरणही घ्या. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण त्या महिन्यांत वाडीवरची बाई जागच्या जागी खिळली. वडाप परवडेना आणि पडवीतली गाडी चालू होईना. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण अर्ध्या तिकिटासाठी आधी एसटी यावी लागते, आणि दुपारची फेरी रद्द झाली तर अर्धं काय आणि फुकट काय. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, गटाच्या हिशेबाला बँकेत जाणारी बाई, यांना वेळेवर पोचण्यासाठी स्वतःची गाडी लागते. रात्री घर सोडण्याची वेळ आली तर तीच गाडी सुटकेची वाट असते. दाराशी किक मारत उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे, आत नवरा जागा व्हायची भीती असताना. म्हणून मला हा विषय किरकोळ म्हणवत नाही.

आता काम कसं करायचं ते सांगते, म्हणजे हा लेख नुसत्या तावातावाचा राहणार नाही.

आधी जागा. उघड्यावर बसा. चूल, समई, विडी, मोबाइलचा चार्जर काहीही जवळ नको. पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की वाटीतलं पेट्रोल नळीतून बाहेर येतं. ते काचेच्या बाटलीत धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. मग कार्बोरेटर उतरवा. मोठी स्टीलची थाळी घ्या आणि निघेल तो तुकडा निघालेल्या क्रमाने तिच्यात मांडा. हल्ली मोबाइल आहे, प्रत्येक पायरीचा फोटो काढा. बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत घट्ट होईपर्यंत फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे सोडायचे. रबराच्या कड्या आधी काढून ठेवा, नाहीतर औषधाने फुगतात.

राळेचा मळ पाण्याने, साबणाने, चिंचेने जात नाही. त्याला कार्बोरेटर क्लीनरचा फवारा लागतो, नाहीतर रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा. फवाऱ्याच्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा. नंतर मऊ ब्रशने घासा. क्षाराची पांढरी पूड मात्र रॉकेलने जात नाही. तिथे आपलं पितळेचं ज्ञान कामाला येतं. कोमट पाण्यात थोडा लिंबाचा रस, त्यात काही मिनिटंच बुडवायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. जास्त वेळ ठेवलं तर आंबट पाणी कार्बोरेटरचा धातूच खातं. मग उन्हात कडकडीत वाळवायचं. शेवटी हवा मारायची. हवा प्रत्येक भोकातून आरपार गेली पाहिजे. जेट उजेडाकडे धरून डोळ्याला लावा, स्वच्छ गोल ठिपका दिसला तर झालं.

आणि एक सक्त ताकीद. जेटमध्ये पोलादी तार, सुई, टाचणी घालू नका. स्टोव्हची पिनसुद्धा नको. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. अगदीच हट्टी मळ असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, आणि तीही हळुवार.

सगळ्यात सोपी गोष्ट शेवटी, आणि हिला पैसाही लागत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवा, आपोआप बंद पडेपर्यंत. वाटी रिकामी झाली की राळ धरायला काही उरत नाही. उरलं-सुरलं तळाच्या स्क्रूने काढून टाका. मुंबईला परत जाणाऱ्या किती पुरुषांनी हे घरच्या बाईला सांगितलं असेल? या दोन मिनिटांच्या कामाअभावी गाडी पुढच्या सणापर्यंत बंद राहते आणि बाई पुढच्या सणापर्यंत पायी चालते.

कोणी म्हणेल, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, कार्बोरेटर शिकून काय उपयोग? ज्या घरात इलेक्ट्रिक गाडी आली असेल त्या घरात ती कोण चालवतं ते आधी पाहा. आणि उद्या तीही जुनी होऊन आपल्याकडेच येईल, तेव्हा तिच्या बॅटरीबद्दल हेच वाक्य ऐकावं लागेल. उघडून पाहण्याची सवय एका यंत्रावर लागली की ती दुसऱ्यावर चालते. न उघडण्याची सवयही तशीच चालत आली आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली सरकारकडे. आयटीआयत मुलींसाठी जागा राखीव असतात, पण मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुलगी आली की तिला शिवणाकडे वळवू नका. बचत गटांना प्रशिक्षण म्हटलं की पापड, लोणची, अगरबत्ती आणि ब्युटी पार्लर. यातलं काही वाईट नाही, पण दर वर्षी तेच का? एका गटाला पान्यांची पेटी आणि हवेचा पंप द्या. वाडीत निदान पाच-पंधरा जुन्या गाड्या आहेत, गिऱ्हाईक दारात उभं आहे.

दुसरी मागणी आपल्याच संघटनांकडे. कायद्याच्या शिबिरात एक दुपार गाडीसाठी ठेवा. पोटगीचं कलम आणि पायलट जेट एकाच दिवशी शिकवलं तर बिघडत नाही.

तिसरी तुमच्याकडे. घरात जुनी गाडी असेल तर तिची किल्ली मागू नका, पाने मागा. खळ्यात कार्बोरेटर उघडला असेल तेव्हा चहाचा ट्रे खाली ठेवा आणि त्या वर्तुळात बसा. पुरुष सरकून जागा देतील. नाही दिली, तर या पावसाळ्याआधी आपण बायकांनीच एक वर्तुळ करू. येताना एक थाळी, एक जुना ब्रश आणि बंद पडलेली गाडी घेऊन या.